दोन बोटं जास्त

मी पहिल्या मजल्यावर राहते आणि माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली मास्तरांच्या दुकानाचं आणि घराचं मागचं दार आहे. त्यांच्या घरातली भांडणं मला कान लावून ऐकावी लागत नाहीत, ती आपणहून वर येतात. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिंपी. आमच्याकडे चांगल्या शिंप्याला मास्तरच म्हणतात.

तर मला आठवतंय ते भांडण तीस-बत्तीस वर्षांपूर्वीचं. दुपारची वेळ, मी भांडी घासत होते. खाली मशीन थांबलं. मशीन थांबलं की समजायचं, मास्तरीणबाईंनी तोंड उघडलं.

"अहो, पोरीच्या फ्रॉकच्या चुण्या तीन-तीनदा मोजता. तिच्या वहीत एकदा तरी डोकावलात का?"

"मी काय डोकावणार? मी दुसरी शिकलेला माणूस. मला कापडाचं विचार."

"मग कापडाचंच शिकवा! काहीही शिकवा, पण तिच्याजवळ बसा. तिला गणितं येत नाहीत म्हणून बाई वर्गाबाहेर उभं करतात तिला."

"हे पाच सदरे उद्या द्यायचेत."

"तुमचा उद्या मला ठाऊक आहे. गिऱ्हाइकांनाही ठाऊक आहे."

यावर मास्तरांनी मशीन सुरू केलं. तेसुद्धा जरा जोरातच. वर मी पातेलं विसळता विसळता हसले, कारण टोला अगदी वर्मी बसला होता. पण पुढे ती पोर सहावीत शाळा सोडून घरी बसली, आणि तेव्हापासून त्या दुपारचं माझं हसणं मलाच टोचतं.

मास्तर माणूस कसा होता ते सांगते. अंगानं काटकुळा, गळ्यात टेप, तोंडात टाचण्या. टाचण्यांमुळे ओठांच्या एका कोपऱ्यातून बोलायची सवय लागलेली, ती टाचण्या नसतानाही तशीच. आमच्या रस्त्यावरच्या यच्चयावत लोकांच्या पोटाचे घेर त्यांना तोंडपाठ, पण एका शब्दानं कधी बोलले नाहीत. दोन वर्षांत माझी कंबर चार इंच वाढली तेव्हा म्हणाले, "वहिनी, हल्ली कापड आटतं फार." असा सभ्य माणूस.

धंद्यात मात्र कच्चे. शिलाईच्या आत जे जास्तीचं कापड दाबून टाकतात, त्याला शिंपी लोक माया म्हणतात. बाकीचे शिंपी बोटभर माया धरतात, मास्तर दोन बोटं धरायचे. लहान मुलांच्या कपड्यांना तर त्याहून जास्त. म्हणायचे, "कमी पडलं तर देवसुद्धा जोडून देणार नाही. जास्त झालं तर आत दाबता येतं." त्यामुळे व्हायचं काय, की शाळेचा एक गणवेश उसवून-वाढवून तीन-तीन वर्षं चालायचा, आणि नवा शिवायला कुणी यायचंच नाही. मास्तरीणबाई कपाळाला हात लावायच्या. मास्तर हसायचे.

मास्तरीणबाई गेल्या. लेकीचं लग्न झालं. जावई लांबच्या मार्गावर ट्रक चालवतो, महिन्यातून चार दिवस घरी. लेक हॉस्पिटलात मदतनीस लागली, सकाळी जाते ती संध्याकाळी येते. म्हणून ती आपली पोर घेऊन वडिलांकडेच राहायला आली. ही पोर म्हणजे बॉबिन. खरं नाव वेगळं आहे, पण मशीनमधल्या दोऱ्याच्या फिरकीसारखी दिवसभर गरगर फिरते आणि मधेच कुठेतरी अडकते म्हणून मास्तरांनी तिला ते नाव ठेवलं. मला ती 'वरची आजी' म्हणते. मी म्हटलं, बाई, वर राहते हे खरं, पण अजून फार वर गेलेले नाही, जरा हळू म्हण.

बॉबिन पहिलीत गेली आणि मास्तरांनी एक गोष्ट अशी केली की मी खिडकीतून बघतच राहिले. चार वाजता, ऐन गिऱ्हाइकाच्या वेळेला, मशीन बंद. मागच्या दाराशी ओढलेल्या कापायच्या टेबलावरचं कापड बाजूला. टेबलावर बॉबिन मांडी घालून बसलेली आणि तिच्यासमोर टेप पसरलेला. कुणी गिऱ्हाईक आलं तर मास्तर सांगायचे, "सहानंतर या. अभ्यास चाललाय."

"कुणाचा?" एकानं विचारलं.

"दोघांचा," मास्तर म्हणाले.

टेपवर बेरीज शिकवायला काय सोपी! मी वर भाजी चिरत ऐकायची.

"आठवर बोट ठेव. आता पाच पावलं पुढे चाल. कुठे आलीस?"

"तेरावर!"

"आणि माया?"

"पंधरा!"

"शाब्बास माझी कारागीर!"

असं रोज. पुढचा भाग सात, मागचा भाग सात, किती? चौदा. आणि माया? सोळा! शाब्बास. वजाबाकीलाही तेच. बारातून पाच कापले, उरले किती? सात. आणि माया? नऊ! पोरगी टाळ्या पिटायची. माझ्याही कानावर हे रोज पडत होतं, पण कानातून डोक्यापर्यंत काही पोचलं नाही. मला वाटलं, आजोबा-नात खेळतायत, खेळू देत.

वर्ष संपायला महिना राहिला असेल. शाळेतल्या बाईंनी लेकीला बोलावून घेतलं. ती परत आली ती थेट दुकानात. चप्पलसुद्धा काढली नाही, हे मला आवाजावरून कळलं.

"बाबा, वीसपैकी शून्य."

"कशात?"

"गणितात! प्रत्येक चाचणीत! बाई म्हणाल्या, अहो, ठोकून दिलेली उत्तरंसुद्धा एखाददुसरी बरोबर येतात, हिचं एकही येत नाही. तीन आठवड्यांनी परत परीक्षा घेणार आहेत. त्यात नाही जमलं तर पुन्हा पहिलीत बसवणार."

"आपण आणखी अभ्यास करू. मी सहाला सोडतो तिला, आता साडेसातला सोडेन."

"नको." लेकीचा आवाज एकदम खाली आला. "मी तिच्या आत्याशी बोललेय. तिच्या गावात शिकवणीचे वर्ग आहेत. आत्याकडेच राहील आणि तिथल्याच शाळेत जाईल. परीक्षा झाली की पोचवते."

"किती दिवस?"

"दिवस नाही बाबा. वर्षं."

मी वाट बघत होते की आता मशीन सुरू होईल. झालं नाही. संध्याकाळपर्यंत झालं नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्या दारावर टकटक. बघते तर मास्तर, बॉबिनला हाताला धरून. इतक्या वर्षांत हा माणूस एकदाच जिना चढला होता, पडद्याचं माप घ्यायला.

"वहिनी, तुम्ही किती शिकलात?"

"तिसरी."

"म्हणजे माझ्यापेक्षा एक यत्ता जास्त. ही वही जरा बघता का? मला नुसत्या लाल फुल्या दिसतात. चूक दिसत नाही."

मी चष्मा लावला. तिसरी शिकले ते खरं, पण त्यातलं निम्मं वर्ष आजारी होते, हे त्यांना सांगितलं नाही. माझी पद्धत वेगळी. दोरीवरचे कपड्यांचे चिमटे काढले आणि टेबलावर मांडले. पहिलं गणित, सात अधिक सात. वहीत लिहिलेलं सोळा. चिमटे मोजले तर चौदा. दुसरं, आठ अधिक पाच. वहीत पंधरा, चिमटे तेरा. तिसरं वजाबाकीचं. बारातून पाच. वहीत नऊ, चिमटे सात. पान उलटलं, पुढचं पान उलटलं. सगळं चूक. पण काय चूक! इतकी एकसारखी की एखाद्या कारखान्यातून निघाल्यासारखी.

"बॉबिन," मी म्हटलं, "हे चिमटे मोज. सात आणि सात."

तिनं टकाटका मोजले. "चौदा."

"मग इथे सोळा का लिहिलंस?"

पोरगी माझ्याकडे अशा नजरेनं बघायला लागली, जशी मी अगदीच अडाणी आहे. "वरच्या आजी, चौदाच लिहिले तर शिवताना कमी नाही का पडणार?"

मी मास्तरांकडे बघितलं. मास्तर खिडकीतून खाली, आपल्याच दाराकडे बघत होते. कान लाल. मग ते माझ्या स्टुलावर बसले, गळ्यातला टेप काढला आणि गुंडाळायला लागले, उलगडायला लागले, परत गुंडाळायला लागले.

मला हसू आवरेना, म्हणून मी चहा ठेवायला उठले. हसण्यासारखंच होतं हो! वर्षभर पोरीनं एकही गणित चुकवलं नव्हतं. प्रत्येक उत्तर काढलं होतं, आणि वर दोन बोटं माया धरली होती, आजोबांनी शिकवली तशीच.

"म्हणजे तिला येतंय," मास्तर म्हणाले.

"तुमच्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा चांगलं येतंय."

"मीच बुडवली तिला."

बॉबिनला मी बिस्किटं दिली आणि गॅलरीत पाठवलं. मग हळूच मास्तरांना म्हटलं, "हे बघा, तीन आठवडे आहेत. गुपचूप नीट करून टाका. लेकीला सांगायची काही गरज नाही. सांगितलंत तर ती म्हणेल, बघा, म्हणूनच पाठवतेय मी तिला. हातानं पोर घालवाल."

हा सल्ला मी दिला. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा तो शहाणपणाचा वाटला होता.

मास्तरांनी चहा संपवला, कप स्वतः विसळून उपडा ठेवला. "वहिनी, माझ्याकडून कापड वेडंवाकडं कापलं गेलं तर मी गिऱ्हाइकाला सांगतो. कापड त्याचं असतं."

संध्याकाळी लेक आली. मास्तरांनी सगळं सांगितलं, टाचण्या नसतानाही ओठांच्या कोपऱ्यातून. मी खिडकीशी उभी होते. या खेपेला कान लावूनच होते, कबूल करते.

मग लेक म्हणाली, "माझ्या वेळी चुकीचं शिकवायला तरी बसला असतात."

मला वाटलं, आता मास्तर पाच सदऱ्यांचं सांगतील, धंद्याचं सांगतील. ते म्हणाले, "हो. बसायला हवं होतं."

एवढंच. नाक ओढल्याचा आवाज आला, कुणाचं ते कळलं नाही. मग लेकीला हसू फुटलं. "सात आणि सात सोळा! बाबा, बाईंना मी काय सांगू? की आमच्याकडे माया धरून मोजतात?"

"बाईंना मी सांगतो. तू फक्त निकाल लागेपर्यंत थांब, मग ठरव."

"निकालापर्यंत. त्यात नाही जमलं तर मी कुणाचं ऐकणार नाही, आणि काकू, तुमचंही नाही!" हे शेवटचं वर बघून. मी खिडकीतून मागे सरकले.

मास्तर शाळेत गेले. जाताना इस्त्रीचा सदरा, केसांना पाणी. आल्यावर सांगितलं, बाई दहा मिनिटं नुसत्या हसत होत्या. "म्हणाल्या, मला वाटायचं पोरगी मुद्दाम करतेय. तिला दोनदा रागावले मी, आता मलाच कसंतरी होतंय." परीक्षा मात्र व्हायचीच. कागदावर उत्तर बरोबर आलं पाहिजे, शिंप्याचं कारण चालणार नाही. बाईंचंही बरोबर होतं.

आता म्हणाल, सोपं आहे, पोरीला सांगायचं की दोन मिळवू नकोस. सांगून बघा तुम्ही! बॉबिन हट्टी. एकदा शिकलेलं ती सोडेना.

"शाळेत माया धरायची नाही," मास्तर म्हणायचे.

"का?"

"शाळेतलं कापड शिवून आलेलं असतं."

"कुणी शिवलं?"

दुसऱ्या दिवशी नवी युक्ती. "बाईंना माया आवडत नाही." यावर पोरगी रडायला लागली. तिसऱ्या दिवशी मी खाली उतरले आणि चिमट्यांनी शिकवायला बसले, तर तिनं चौदा मोजले आणि टोपलीतून दोन चिमटे गुपचूप काढून शेजारी ठेवले, लागले तर असावेत म्हणून. असा एक आठवडा गेला. लेकीनं कपाटावरची बॅग खाली काढून पुसून ठेवली होती. मास्तर त्या बॅगेला वळसा घालून जायचे.

आणि मग एका दुपारी एक जाडे गृहस्थ कोटाचं माप द्यायला आले. मी तिथेच होते, उशीचा अभ्रा घेऊन गेले होते. मास्तर टेप लावून आकडे सांगत होते आणि बॉबिन मापाच्या वहीत लिहीत होती, कारण तिला आकडे सुंदर काढता येतात. "छाती बेचाळीस. कंबर चव्वेचाळीस." गृहस्थांनी पोट आत घेतलं होतं. मास्तर थांबले, पोट पुन्हा सुटेपर्यंत वाट पाहिली आणि म्हणाले, "कंबर सत्तेचाळीस."

गृहस्थ गेले. मास्तर वहीकडे बघत तसेच उभे राहिले.

"बॉबिन, छाती किती लिहिलीस?"

"बेचाळीस."

"चव्वेचाळीस का नाही? माया?"

"आबा!" पोरगी वैतागली. "वहीत कुणी माया लिहितं का? वहीत अंगाचं माप. माया कापताना."

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मी मास्तरांकडे. अहो, चाळीस वर्षं तो माणूस मापाची वही लिहीत होता आणि एकदाही त्यात माया लिहिली नव्हती. कुठलाच शिंपी लिहीत नाही. वहीत माणसाचं खरं माप, माया कात्रीच्या वेळी, खडूनं, कापडावर.

मास्तरांनी गणिताची वही आणली आणि मापाच्या वहीशेजारी ठेवली. "ही काय आहे?"

"वही."

"आणि ही?"

"वही."

"मग बाई काय घेतायत तुझ्याकडून?"

बॉबिननं जरा वेळ अंगठा चोखला. "माप," ती म्हणाली. आणि मग रागानं, "मग आधी सांगायचं ना! मी कधीपासून कापतेय!"

तिनं खोडरबर मागितलं. मी म्हटलं, सगळं खोडू नकोस, वही फाटेल. पण ऐकते कुठे. त्या संध्याकाळी वर्षभराच्या सगळ्या सोळांचे चौदा झाले आणि पंधरांचे तेरा, आणि टेबलाखाली रबराचा कचरा इतका झाला की मास्तरांनी तो कापडाच्या चिंध्यांबरोबर झाडून काढला.

परीक्षेच्या दिवशी मास्तरांनी एका विजारीला तीन पाय लावले असते. मीच वरून ओरडले, "मास्तर, लक्ष कुठंय?" दोन दिवसांनी निकाल. वीसपैकी सतरा. मास्तर जिना चढून कागद दाखवायला आले. तीन गणितं चुकली होती, आणि त्यांचं बोट सारखं त्या तीन चुकांवरच.

"बघा वहिनी, इथे हातचा विसरलीय. इथे घाईत वाचलंय. आणि इथे सहाचा शून्य झालाय."

"मग यात एवढं खूश होण्यासारखं काय?"

"साध्या चुका आहेत," मास्तर म्हणाले. "चारचौघांच्या पोरांसारख्या."

लेकीनं बॅग परत कपाटावर ठेवली. आत्याला फोन केला, सगळी हकीकत सांगितली, आणि आत्या पलीकडे इतकी हसली की मला वरपर्यंत ऐकू आलं. फोन ठेवून लेक म्हणाली, "बाबा, उद्यापासून चार वाजता परत. पण मी घरी असेन त्या दिवशी मीही बसणार. मला भागाकार कधीच कळला नाही."

तर अशी ती तिघं बसायला लागली. बॉबिन दुसरीत गेली, मास्तर दुसऱ्यांदा दुसरीत गेले, लेकीनं भागाकारासाठी तिसरीपासून पुन्हा सुरुवात केली. गिऱ्हाइकं सहानंतर यायला शिकली. अपूर्णांक आले तेव्हा मास्तरांची छाती फुगली. पाव, अर्धा, पाऊण यातच त्यांचं आयुष्य गेलेलं. त्या वर्षी बाईंनी त्यांना वर्गात बोलावून घेतलं होतं म्हणे, आणि चाळीस पोरांसमोर त्यांनी कागदाची बाही कापून दाखवली. घरी येऊन दोन दिवस त्याच ऐटीत होते.

मास्तर गेले ते बॉबिन चौथीत असताना. दुपारी जेवून जरा आडवे झाले, ते उठलेच नाहीत. कुणाला त्रास नाही, कुणाला हाक नाही. त्या सकाळचं थोडं शाळेच्या शिपायानं मला मागाहून सांगितलं, थोडं माझं मला ठाऊक, ते तसंच सांगते.

बॉबिन शाळेत काहीतरी विसरून जायची. कधी डबा, कधी पट्टी, कधी एक मोजा. मला विचाराल तर निम्म्या वेळा मुद्दाम. मग दहाच्या सुमारास मास्तर दुकानाला कडी घालून ती वस्तू पोचवायला निघायचे. त्या दिवशी रंगपेटी राहिली होती. शिपाई फाटकाशी बसलेला.

"मास्तर, आज काय?"

"रंगपेटी."

"पोरगी एक दिवस डोकं विसरून येईल."

"तेही आणून देईन. चौथी ब, खिडकीशेजारचा बाक."

"माहितेय हो. चार वर्षं झाली."

शिपाई पेटी घेऊन आत गेला. मास्तर फाटकाशी उभे राहिले. पेटी पोचली की नाही हे कळल्याशिवाय ते हलायचे नाहीत. शिपायानं परत येऊन पोचली म्हणून मान हलवली, तेव्हा ते वळले, रस्ता ओलांडला, माझे गुडघे धरल्यापासून रोज घ्यायचे तसं कोपऱ्यावरून माझं दूध घेतलं, जिना चढून पिशवी दाराच्या कडीला अडकवली, आणि दुकान उघडायला खाली गेले.